गिधाडे निसर्गक्रमाने गेली नाहीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नामशेष होणाऱ्या प्राण्यांना वाचवण्यावर पैसा उधळू नये, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या कालच्या अंकात वाचले. डायनासोर गेले तेव्हा कोणी आडवे आले नव्हते, मग आताच एवढी हळहळ कशाला, असा त्यांचा सवाल आहे. पत्रलेखक महोदयांचा मुक्काम शहरात असावा, असा माझा नम्र तर्क आहे. कारण मेलेले जनावर किती दिवस सडते आणि वारा फिरला की त्याचा वास कोणाच्या जेवणाच्या ताटापर्यंत येतो, हे अनुभवलेला माणूस असे लिहिणार नाही.

आमच्या गावात मेलेली जनावरे नाल्यापलीकडे टाकतात. माझ्या लहानपणी तिथे बैल टाकला की सावरीच्या झाडांवर गिधाडांना बसायला जागा पुरत नसे आणि दुसऱ्या दिवशी नुसती हाडे दिसत. गेल्या पावसाळ्यात टाकलेली गाय मात्र आठवडाभर कुजत पडली. तिच्यावर कुत्र्यांची टोळी पोसली आणि गाय संपल्यावर त्याच टोळीने माझ्या दोन गाभण शेळ्या भरदुपारी धुऱ्यावर फाडल्या. वनखात्याच्या माणसाला कळवले, तर वाघ होता की बिबट, एवढेच त्याने विचारले. कुत्री म्हटल्यावर पंचनाम्याचा विषयच संपला. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याकडे बोट दाखवले, दवाखान्याने ग्रामपंचायतीकडे. आमच्या शेळ्यांनी यापुढे मरताना समोर वाघच असल्याची खात्री करून घ्यावी, एवढाच बोध मी त्यातून घेतला.

आता निसर्गक्रमाविषयी. 1992 ते 2007 या काळात देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातील नव्व्याण्णवांहून अधिक संपली. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्याला कारणीभूत असल्याचे 2004 मध्ये सिद्ध झाले. ते इंजेक्शन दिलेले जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात, तेव्हा असा फटका भरून निघणार कसा? डायनासोरांना कोणी सुई टोचली नव्हती, हा फरक पत्रलेखकांनी लक्षात घ्यावा.

आणि हे थांबवायला फार मोठा पैसाही लागत नाही. गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक उपलब्ध आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, माणसांसाठीची कुपी जनावरांना वापरली जाऊ नये म्हणून ती 3 मिलीहून मोठी नसावी असे 2015 मध्ये ठरले, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही गिधाडांना घातक वेदनाशामकेही जनावरांसाठी बंद झाली. कायदे कागदावर चोख आहेत. पण बंदीनंतरही, आमचा बैल लंगडत असताना गावात फिरून उपचार करणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला जे टोचले, त्याची रिकामी बाटली मी उकिरड्यावरून उचलून वाचली, तर ती माणसांच्या औषधाची, 30 मिलीची होती. विचारल्यावर ‘लवकर गुण येते’ एवढेच उत्तर मिळाले. 2024 मध्ये हरियाणातील पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली, ही आनंदाची बातमी आहे. मात्र अशा बाटल्या गावोगाव फिरत असतील, तर ती गिधाडे जंगलाबाहेर खाणार काय, याची चौकशी औषध दुकानांच्या फडताळांपासून सुरू व्हायला हवी.

जाता जाता आणखी एक. याच विषयावरच्या बातमीसोबत आपण गिधाड म्हणून जे छायाचित्र छापले, ते घारीचे होते. दुभंगलेली शेपटी त्यात स्पष्ट दिसते. आमच्या गावातल्या शाळकरी पोरांनी गिधाड कधी पाहिलेले नाही, त्यामुळे ती यापुढे घारीलाच गिधाड म्हणतील. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ