पहिल्या ओळीचे गुण कोण देणार?

महोदय,

आपल्या शिक्षण पुरवणीत नुकतीच डिफरन्शियल इक्वेशनवरची, म्हणजे एखादी राशी किती वेगाने बदलते ते सांगणाऱ्या समीकरणांवरची, सोडवलेली उदाहरणे छापून आली. थंड होणारा द्रव, घटणारे रेडियम, वाढणारी लोकसंख्या, मिठाच्या पाण्याची टाकी आणि अर्थातच बंद खोलीत सापडलेला मृतदेह. उत्तरे मी ताडून पाहिली, सगळी बरोबर आहेत. माझी तक्रार उत्तरांच्या आधीची आहे. प्रत्येक उदाहरण 'बदलाचा दर अमक्याच्या प्रमाणात आहे' अशा एका ओळीने सुरू होते, आणि ती ओळ कुठून आली हे एकाही ठिकाणी सांगितलेले नाही.

मी हा विषय शिकवते, म्हणून जरा ठासून सांगते की खरे गणित त्या ओळीतच असते. पुढे चल वेगळे करायचे, दोन्ही बाजूंचे इंटिग्रेशन करायचे, लॉग घ्यायचा, सुरुवातीची किंमत घालून स्थिरांक काढायचा, हे सगळे हातवळणीचे काम आहे. मोबाईलवरचे ॲपसुद्धा ते करून देते. परीक्षेत मात्र गुण मिळतात ते या हातवळणीचेच, कारण पहिली ओळ प्रश्नातच छापून दिलेली असते.

ही ओळ सगळीकडे सारखी दिसते, पण सगळीकडे सारखीच खरी नसते. रेडियमचे घ्या. तिथे ती जवळपास निर्दोष आहे आणि त्याचे कारणही देखणे आहे: अणू म्हातारा होत नाही. हजार वर्षे टिकलेला रेडियमचा अणू आणि काल तयार झालेला अणू, दोघांची पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता एकच. आजूबाजूला किती अणू आहेत, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्यामुळे अणू दुप्पट असतील तर फुटणारेही दुप्पट, आणि समीकरण आपोआप उभे राहते. म्हणूनच रेडियमचा सुमारे १६०० वर्षांचा किंवा कार्बन-१४ चा ५७३० वर्षांचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, बिनधास्त वापरता येतो. गंमत अशी की इथे समीकरण चुकत नाही, सुरुवातीची किंमत चुकते. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण सगळ्या काळात सारखेच होते, असे धरून काढलेले जुन्या लाकडा-हाडांचे वय झाडांच्या वर्षवलयांशी ताडून दुरुस्त करावे लागते. ही गोष्ट उदाहरणाखाली दोन वाक्यांत सांगता आली असती.

थंड होण्याचा नियम न्यूटनने १७०१ मध्ये मांडला, तोही निनावी लेखातून. वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानातला फरक जितका जास्त, तितकी वस्तू झपाट्याने निवणार. फरक बेताचा असेल आणि वस्तूवरून वारा वाहत असेल तर हे चांगले जुळते. पण फरक मोठा झाला की नियम ढळू लागतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ड्युलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी दाखवले. तापलेली वस्तू किरणांच्या रूपात जी उष्णता टाकते ती निरपेक्ष (म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हे १८७९ मध्ये श्टेफान यांनी सांगितले. म्हणजे रेडियमची ओळ आणि या द्रवाची ओळ पानावर शेजारी शेजारी छापली असली तरी एक निसर्गनियम आहे आणि दुसरी कामचलाऊ. विद्यार्थ्याला हा फरक कळलाच नाही तर त्याने शिकले काय?

आता तो मृतदेह. या उदाहरणाने मला अनेक वर्षे छळले आहे, कारण ते मुलांना सगळ्यात जास्त आवडते. समजा, खोली २० अंशांवर आहे. देह सापडला तेव्हा त्याचे तापमान ३० अंश भरले आणि तासाभराने २८. मृत्यूच्या वेळी ते ३७ होते असे धरले, तर न्यूटनच्या नियमाने मृत्यू पहिल्या मोजणीच्या २ तास २३ मिनिटे आधी झाला. मुले उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळी होतात. पण दुसरे तापमान २८ ऐवजी २८.२ असते तर? उत्तर २ तास ४० मिनिटे येते. थर्मामीटर अंशाच्या पाचव्या भागाने चुकला आणि मृत्यूची वेळ सतरा मिनिटांनी सरकली! तेवढ्यात एखादा निर्दोष माणूस अडकू शकतो किंवा दोषी सुटू शकतो.

आणि हा झाला फक्त मोजमापातला दोष. मुळात देहाला न्यूटनचा नियम तसाच्या तसा लागू पडत नाही. त्वचा आधी निवते, आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, त्यामुळे मृत्यूनंतर काही काळ शरीराच्या आतले तापमान फारसे उतरतच नाही. म्हणून मार्शल आणि होअर यांनी १९६२ मध्ये एका घातांकी (ठरावीक प्रमाणात घटत जाणाऱ्या) पदाऐवजी दोन पदांचे सूत्र सुचवले. न्यायवैद्यकात आज वापरली जाणारी आलेखाची पद्धत त्याच वाटेने आली आहे. देहाचे वजन, अंगावरचे कपडे, वारा हे सगळे धरूनही ती उत्तर देते ते 'अमुक वेळ, पावणेतीन तास अलीकडे-पलीकडे' असे, आणि तेही परिस्थिती अनुकूल असली तर. आपल्या पानावरचे उत्तर मिनिटापर्यंत होते.

टाकीच्या उदाहरणाला मुले कंटाळतात, आणि त्यांचे चूक नाही. लिटरला इतके ग्रॅम मीठ घेऊन आत येणारे पाणी कोणी पाहिलेले नसते. पण टाकीच्या जागी खोली आणि मिठाच्या जागी धूर किंवा जंतू ठेवा. हेच समीकरण खोलीतली हवा किती वेळात स्वच्छ होते ते सांगते. यंत्रणा ताशी सहा वेळा हवा बदलते असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, दहा मिनिटांत सगळी हवा नवी. तसे होत नाही. आत आलेली ताजी हवा जुन्या हवेत मिसळते आणि बाहेर जाते ते मिश्रण. दहा मिनिटांनी सुमारे ३७ टक्के जुनी हवा आतच असते. ९९ टक्के घाण जायला ४६ मिनिटे लागतात. इथेही एक गृहीत आहेच, की आत आलेली हवा क्षणात सगळीकडे सारखी मिसळते. कोपऱ्यात आणि कपाटामागे ती मिसळत नाही, म्हणजे प्रत्यक्षात ४६ मिनिटेही पुरत नाहीत. गृहीत कोणत्या बाजूला चुकते हे माहीत असले की चुकीचे गृहीतही कामाला येते.

लोकसंख्येबद्दल थोडक्यात. माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडलेली बेलगाम वाढ आपण छापलीत. व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये तिला घातलेला लगाम, म्हणजे गर्दी वाढली की वाढ मंदावते ही अट, गाळलात. तो घातला तरी समीकरण पहिल्याच ऑर्डरचे राहते आणि चल वेगळे करूनच सुटते.

सगळ्यात जास्त खटकले ते औषधांचे उदाहरण नसणे. बऱ्याच औषधांसाठी ती पहिली ओळ चांगली लागू पडते, कारण मूत्रपिंड किंवा यकृत दर मिनिटाला रक्ताचा ठरावीक भाग साफ करते. रक्तात औषध जास्त असेल तर तेवढ्याच रक्तातून जास्त बाहेर पडते. रोज ठरलेली मात्रा घेतली की पातळी चढत जाते आणि चढण्याचा वेग कमी होत जातो. एका अर्धायुकालात अंतिम पातळीच्या निम्मे, दोनांत पाऊण, चारांत जवळजवळ ९४ टक्के. थायरॉइडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनचा अर्धायुकाल साधारण आठवडाभराचा आहे. त्यामुळे मात्रा बदलल्यावर डॉक्टर लगेच रक्त तपासायला सांगत नाहीत, सहा-आठ आठवडे थांबवतात. शरीराची त्याला प्रतिसाद द्यायची गतीही त्यात धरलेली असतेच, पण पायाचा हिशेब आपल्या या समीकरणाचा. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून गोळी सोडून देणारी माणसे कमी नाहीत.

दारूचे मात्र तसे नाही. ती मोडणारे विकर (एन्झाइम) थोड्याशा दारूनेच पूर्ण कामाला लागते, त्यामुळे पातळी जास्त असो की कमी, घट जवळपास ठरावीक गतीनेच होते. आलेखावर वक्ररेषेऐवजी सरळ रेघ उतरताना दिसते. इथे 'दर राशीच्या प्रमाणात' असे लिहून पुढचे इंटिग्रेशन कितीही नेटके केले तरी उत्तर चूकच.

पुढच्या अंकात जागा असेल तर माझे एक उदाहरण छापावे. एका पदार्थाचे रक्तातले प्रमाण दर तासाला मोजले तर ८०, ६५, ५०, ३५ असे आले. दुसऱ्या पदार्थाचे ८०, ६०, ४५, ३४. दोन्हींचा अर्धायुकाल काढा. दुसऱ्याचा सुमारे २ तास २५ मिनिटे येतो, दर तासाला पाऊण उरते यावरून. पहिल्याला ठरावीक अर्धायुकालच नाही, दर तासाला सरळ १५ कमी होतात. जो विद्यार्थी तसे लिहून पेन खाली ठेवेल त्याला पूर्ण गुण द्यावेत, आणि उत्तरांच्या पानावरही तेच छापावे.

आपली,
गणिताची एक शिक्षिका