शीर्षकसंगीत म्हणजे गतकातरता नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील, दूरदर्शनच्या काळातल्या शीर्षकसंगीतावरचा लेख वाचला. या सुरावटींवरचे आमच्या पिढीचे प्रेम लेखकाने ‘निव्वळ गतकातरता’ (जुन्या दिवसांची हुरहूर) म्हणून निकालात काढले आहे, आणि संगीताची खरी अभिरुची मैफिलीत, गुरूसमोर, फार तर रेडिओजवळ बसून घडते असा निर्वाळा दिला आहे. त्यांच्या व्यासंगाबद्दल मला आदर आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्यामागची तुच्छता माझ्या चांगल्या परिचयाची असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला भाग आहे.

माझे बालपण मिरजेत गेले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी घडतात आणि मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, त्या गावात कानावर चांगला सूर पडण्याची वानवा नव्हती. पण ते सारे संगीत एका वेळी एकाच स्वराचा माग काढणारे होते. अनेक आवाज एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांवरून चालतात आणि तरीही एकमेकांना धरून राहतात, हे मला पहिल्यांदा जाणवले ते १९८८ साली, ‘भारत एक खोज’ सुरू होताना. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचे ते समूहगान, त्यापाठोपाठ येणारा वसंत देव यांचा हिंदी अनुवाद आणि त्याखालचा वाद्यांचा गंभीर भरणा ऐकताना नेमके काय होते आहे हे सांगण्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हते, परंतु मालिकेचे त्रेपन्न भाग होईपर्यंत तो स्वरमेळ माझ्या कानात कायमचा रुजला होता.

त्या वेळी मी ज्या गाण्याच्या क्लासला जात असे, तिथल्या गुरुजींना मी एकदा विचारले की, इतके लोक वेगवेगळे सूर लावत असूनही ते बेसूर का वाटत नाही. ‘‘ते टीव्हीवरचं आहे, त्याला संगीत म्हणत नाहीत. असलं ऐकून कान बिघडतो,’’ असे त्यांनी सगळ्या वर्गासमोर सुनावले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाहीच, शिवाय आपल्याला जे आवडते ते लपवून ठेवावे एवढे मात्र मी त्या दिवशी शिकले. पुढे नोकरीच्या निमित्ताने मुंबईत आले, आणि एका संध्याकाळी नाताळच्या तयारीसाठी चर्चमध्ये चाललेले वृंदगान रस्त्यावर थांबून ऐकले, तेव्हा ते परके वाटण्याऐवजी लहानपणापासून ओळखीचे वाटले. तिथून मी जर्मन संगीतकार बाखच्या संगीतापर्यंत पोहोचले. ख्यालगायनाचे माझे प्रेम त्यामुळे तसूभरही कमी झालेले नाही. ज्या ऐकण्याने माझ्यासाठी संगीताचे एक संपूर्ण दालन उघडले, त्याला आपले लेखक जुन्या दिवसांचे उमाळे म्हणतात, याचा मला मनापासून राग आला.

गुरुजींनी ज्याला ‘टीव्हीवरचं’ म्हटले, ते संगीत वनराज भाटियांचे होते. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक आणि पॅरिसच्या संगीतशिक्षिका नादिया बूलाँजे यांच्याकडे शिकून आलेला आणि दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलेला हा माणूस आमच्या घरातल्या कृष्णधवल संचातून आम्हाला शिकवत होता, तेही फी न घेता. दूरदर्शनच्या ज्या धूनला लेखकाने ‘रडवी’ म्हटले आहे, ती पंडित रविशंकरांसारख्या कलावंताच्या हातची आहे. ‘मालगुडी डेज’चे संगीत एल. वैद्यनाथन यांचे, ‘गोट्या’चे अशोक पत्की यांचे. १९८८ सालच्या स्वातंत्र्यदिनापासून पडद्यावर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’मधली पंडित भीमसेन जोशींची भैरवी वारंवार ऐकू येऊ लागली, तेव्हा ज्या घरांतून मैफिलीला कोणी कधी गेले नव्हते, तिथल्या मुलांच्याही कानात ती उतरली. वाहिनी एकच असल्यामुळे निवड करण्याची सोय नव्हती आणि तीच सुरावट आठवड्यामागून आठवडे ऐकावी लागत असे. लहान मुलाचा कान तयार होतो तो अशाच आवर्तनांतून, आणि रियाज तरी याहून वेगळा काय असतो? मग एका आवर्तनाला संस्कार म्हणायचे आणि दुसऱ्याला गतकातरता, हा भेद लेखकाने कशाच्या आधारावर केला, ते लेखात कुठेही सापडत नाही.

आजच्या मुलांविषयी लेखकाने जी चिंता व्यक्त केली आहे, ती त्यांनी योग्य जागी वळवावी. आता शीर्षकगीत काही सेकंदांवर आले आहे आणि मोबाइलवर तर ते वगळण्याचे बटण पडद्यावरच दिलेले असते. मुलांना आवर्तनच मिळाले नाही, तर कान कशावर तयार होणार, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर लेखात एक ओळही नाही.

जाता जाता आपल्या वृत्तपत्राबद्दलही एक तक्रार नोंदवते. संपूर्ण पानभर लेखात एकाही संगीतकाराचे नाव नाही. सर्वत्र ‘ती धून’ आणि ‘ते गाणे’ एवढाच उल्लेख आहे. आपल्या मनोरंजनाच्या पानावरही नव्या मालिकेची ओळख छापताना कलाकारांची, निर्मात्याची, क्वचित वेशभूषाकाराचीसुद्धा नावे येतात, परंतु शीर्षकगीत कोणी लिहिले, कोणी स्वरबद्ध केले आणि कोणी गायले, हे कधीच छापले जात नाही. ती तीन नावे पुढच्या आठवड्यापासून छापण्यास सुरुवात करावी, आणि रविवारच्या लेखात राहून गेलेली संगीतकारांची नावे शुद्धिपत्र म्हणून प्रसिद्ध करावीत, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
मुंबई