काळ्या खोडावरची पालवी

पेनरिथ, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया
१४ एप्रिल २०२४

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गावामागच्या डोंगराला लागलेला वणवा तुम्ही आठ-दहा जणांनी ओल्या गोणपाटांनी आणि हिरव्या फांद्यांनी झोडपून रात्री दोनपर्यंत विझवलात, हे वाचून अंगावर काटा आला. तुझ्या पायाचे भाजणे आता कसे आहे, ते पुढच्या पत्रात नक्की लिही. वहिनींनी सांगितलेली पथ्ये पाळत जा.

पत्राच्या शेवटी तू म्हणतोस, ‘तू पाठवलेल्या फोटोत जळक्या खोडांनाही पालवी फुटलेली दिसते, म्हणजे निसर्ग आपले आपण सावरून घेतो.’ हे वाक्य गेले आठ दिवस माझ्या मनातून जात नाही, कारण तो फोटो पाठवला तेव्हा माझीही तीच समजूत होती. ती किती अपुरी होती हे मला पुढे हळूहळू कळत गेले. आज तेवढ्यासाठीच सविस्तर लिहायला बसलो आहे.

तुझे म्हणणे अगदीच चूक नाही. इथली झाडे आगीशी फार जुन्या ओळखीची आहेत. निलगिरीच्या सालीखाली कोंब झोपून असतात. शेंडा आणि फांद्या जळून गेल्या की ते थेट खोडातून बाहेर येतात, आणि काळ्या खोडाला पायथ्यापासून वरपर्यंत हिरवी लव फुटल्यासारखी दिसते. बँक्सिया नावाच्या झाडाचे लाकडासारखे कठीण बोंड माझ्या टेबलावर आहे. त्यावर मिटलेल्या ओठांसारखी तोंडे असतात आणि काही जातींमध्ये आच लागल्याखेरीज ती उघडत नाहीत, बी बाहेर पडत नाही. इथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षे थंड हवेच्या दिवसांत रानाचे लहान लहान तुकडे संथपणे जाळून ते राखले. आपल्या मावळात राब भाजताना माणसे जशी वारा बघून, बांधावर उभी राहून जाळतात, तशीच ती सावध आग होती. म्हणून आग म्हणजे वाईटच, असे मी म्हणणार नाही. पण २०१९च्या अखेरच्या उन्हाळ्यात (इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो) वणव्यांनी जे केले ते या ओळखीतले नव्हते.

त्याआधी पूर्वेकडच्या या भागात सलग काही वर्षे दुष्काळ होता, आणि २०१९ हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदीतले सर्वांत उष्ण व सर्वांत कोरडे वर्ष ठरले. त्या वर्षी हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा बराच तापला आणि इंडोनेशियाकडचा भाग थंड राहिला, त्यामुळे ऑस्ट्रेलियाकडे येणारे बाष्प फारच कमी आले. तुला त्या वर्षीची दिवाळी आठवते का? काढणीला आलेले तुझे सोयाबीन शेतातच भिजले, शेंगांना कोंब फुटले, आणि अरबी समुद्रात क्यार व महा ही चक्रीवादळे एकामागून एक उठली. तुझ्याकडे पडलेला तो जादा पाऊस आणि आमच्याकडचा कोरडेपणा ही एकाच समुद्राच्या बिघाडाची दोन टोके होती. तू फोनवर पावसाला शिव्या देत होतास आणि मी इथे कोरड्या आभाळाकडे बघत होतो. तेव्हा आपल्या दोघांनाही हे माहीत नव्हते.

आपल्याकडे वणवा बहुतेक वेळा माणूसच लावतो, नवे गवत चांगले येईल या समजुतीने. इथली सर्वांत मोठी आग मात्र विजेने लागली. २६ ऑक्टोबरला आमच्या उत्तरेकडच्या वोलेमाय राष्ट्रीय उद्यानात वीज पडली, आणि त्या ठिणगीने पुढच्या अडीच-तीन महिन्यांत पाच लाख हेक्टरांहून अधिक रान खाल्ले. एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये त्या मोसमात पन्नास लाख हेक्टरांहून जास्त जमीन जळाली, म्हणजे जवळपास महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढी. ४ जानेवारी २०२० रोजी आमच्या पेनरिथचा पारा ४८.९ अंशांवर गेला.

आमच्या घरापर्यंत ज्वाळा आल्या नाहीत, धूर आला, आणि तो कित्येक आठवडे हटला नाही. सूर्य दुपारी कुंकवाच्या टिळ्यासारखा लाल दिसे. धाकटीला दमा आहे हे तुला माहीत आहेच. दाराच्या फटीला ओले टॉवेल लावून आम्ही तिला एकाच खोलीत ठेवत असू आणि रात्री तिचा श्वास ऐकत पडून राहत असू. एका सकाळी अंगणात निलगिरीचे एक पान पडलेले दिसले. ते पूर्ण काळे होते, पण शिरा जशाच्या तशा होत्या. बोट लावताच त्याची पूड झाली. अशी पाने पेटलेली असतानाच वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर पुढे जातात आणि छपराच्या पन्हळीत साचलेल्या पाचोळ्यावर पडतात. पुष्कळ घरे याच निखाऱ्यांनी जातात, ज्वाळा तिथवर पोहोचण्याआधीच. त्या दिवशी मी शिडी लावून पन्हळ हाताने साफ केली. पासपोर्ट, धाकटीची औषधे आणि आईची पैठणी एका पिशवीत भरून ती पिशवी दाराशी ठेवली. ती फेब्रुवारीपर्यंत तिथेच होती.

शेजारचे गृहस्थ साठीच्या पुढचे, ग्रामीण अग्निशमन दलाचे स्वयंसेवक. या दलात सत्तर हजारांहून अधिक माणसे बिनपगारी काम करतात. ते पहाटे घरी यायचे, बूट बाहेर काढायचे आणि बराच वेळ पायरीवरच बसून राहायचे. मी चहा नेऊन देत असे. त्या उन्हाळ्यात आगीने थेट ३३ माणसे गेली आणि त्यांत नऊ जण आग विझवणारे होते. तीन हजारांहून अधिक घरे जळाली. मालाकूटा या किनाऱ्यावरच्या गावात वर्षाच्या शेवटच्या दिवशी सुमारे चार हजार माणसे समुद्राच्या काठाशी अडकली, सकाळी नऊला आभाळ रात्रीसारखे काळे झाले, आणि पुढे नौदलाच्या जहाजाने त्यांच्यातल्या कित्येकांना बाहेर काढले. ही दृश्ये तूही टीव्हीवर पाहिली असशील. जे टीव्हीवर दिसले नाही ते असे, की वैद्यकीय संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे नुसत्या धुराने ४१७ माणसे दगावली, म्हणजे आगीने मारली त्यांच्या बारापटींहून जास्त. हा आकडा वाचला तेव्हा मला त्या बंद खोलीची आठवण झाली.

आता पालवीकडे येतो. आगीच्या वाटेत सापडून मेलेल्या किंवा परागंदा झालेल्या प्राण्यांची संख्या शास्त्रज्ञांनी सुमारे तीनशे कोटी धरली आहे. त्यांतले बहुसंख्य सरपटणारे. एवढा आकडा मनात मावत नाही, म्हणून एकाच प्राण्याचे सांगतो. ग्रेटर ग्लायडर नावाचा, साधारण आपल्या भीमाशंकरच्या शेकरूएवढा, मऊ लोकरीचा एक निशाचर इथे आहे. पायांमधली कातडी पसरून तो एका झाडावरून शंभर मीटरपर्यंत तरंगत जातो. जवळजवळ निलगिरीच्याच पानांवर जगतो आणि दिवसा खोडातल्या ढोलीत झोपतो. तशी ढोली तयार व्हायला झाडाला शंभराहून अधिक वर्षे लागतात. आगीत जुनी पोकळ झाडेच आधी कोसळली. उरलेल्या खोडांना पालवी फुटली हे खरे, पण झोपायला ढोली नाही. २०२२ साली त्याची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत झाली, आणि त्याच वर्षी पूर्वेकडच्या कोआलाचीही. मी तुला पाठवलेल्या फोटोत त्या ढोल्या नव्हत्या, आणि त्या नाहीत हे मला दिसलेही नव्हते.

आग जिथे कधी जात नसे तिथेही ती या वेळी गेली. दमट वर्षावनाच्या झाडांच्या सालीखाली निलगिरीसारखे कोंब तयार नसतात. ती आगीची नाहीतच. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या सीमेवरची गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या काळापासूनची वर्षावने निम्म्याहून अधिक होरपळली. वोलेमाय पाइन या झाडाची ओळख १९९४ पर्यंत फक्त जीवाश्मांतून होती. रानात त्याची पूर्ण वाढलेली झाडे शंभरसुद्धा नाहीत आणि ती असलेली घळ गुप्त ठेवलेली आहे. तिथे हेलिकॉप्टरमधून दोराने माणसे उतरवली, पाण्याच्या नळ्या घातल्या, आणि ती झाडे वाचली. ही बातमी वाचून शेजारच्या त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. एरवी ते कधी काही दाखवत नाहीत.

शेवटी फेब्रुवारीत पाऊस आला. आम्ही सगळे अंगणात उभे राहून भिजलो. त्या पावसाबरोबर डोंगरावरची राख आणि माती धुऊन नद्यांत उतरली.

गेल्या रविवारी मी तो फोटो काढला होता त्याच पायवाटेने पुन्हा गेलो. झाडे उंच हिरवी झाली आहेत आणि खालचे झुडूप इतके दाटले आहे की वाट सापडत नव्हती. पूर्वी तिथे गेले की लायरबर्ड नावाचा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढताना हमखास ऐकू येई. मी दीड तास बसलो, पण तो ऐकू आला नाही. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.

तू लिहिले आहेस की यंदा पावसाळा सरल्यावर, गवत वाळण्याआधी, गावची मुले जमवून तुम्ही डोंगराच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढणार आहात. मी दिवाळीला येतो आहे आणि तीन आठवडे राहणार आहे. माझ्यासाठी एक विळा धार लावून ठेव. आणि जुलैत डोंगर हिरवा झाला की एकदा वरपर्यंत जा आणि जळालेल्या भागातले जुने उंबर, जांभूळ, हिरडा यांतले कोणते उभे आहेत आणि कोणते पडले, ते मोजून मला कळव. नुसता फोटो पाठवू नकोस.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल