सर, चाकणहून तुम्हाला एक जाहीर थँक्यू

नमस्कार सर,

तुम्ही माझे कोच, म्हणजे कामातल्या अडचणींवर माझ्याशी एकट्याने बसून बोलणारे, त्याबद्दलचं हे थँक्यू. व्हॉट्सअॅपवर पण पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या या चाकण, भोसरी, रांजणगाव, हिंजवडीच्या पट्ट्यात माझ्यासारखे कितीतरी जण आहेत, काम चांगलं करतात म्हणून एक दिवस हेड करून टाकलं आणि त्यानंतर त्यांच्याशी नीट बसून कुणी बोललेलंच नाहीये. त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं फार वाटतं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहितेय मला.

मी प्लँट हेड झाले तेव्हा कंपनीने ट्रेनिंग दिलं नव्हतं असं नाही. लोणावळ्याला रिसॉर्टवर नेलं होतं, फ्लिपचार्ट झाले, ग्रुप अॅक्टिव्हिटी झाल्या, ट्रेनर पण मनापासून शिकवणारे होते. पण शेजारच्या खुर्चीवर परचेस हेड, समोर फायनान्सवाले आणि मागे एचआर बसलेली असताना "मला एमडींना नाही म्हणायची भीती वाटते" हे कोण बोलेल सांगा? वरच्यांना सांगावं तर त्यांना वाटणार हिला झेपत नाहीये, खालच्यांना सांगून चालत नाही, घरी बोलावं तर म्हणतात सोडून दे मग. वर जाल तशी ज्यांच्याशी खरं बोलता येईल अशी माणसं कमी होत जातात, आणि नेमकं तेव्हाच निर्णय मोठे घ्यायचे असतात.

म्हणून तुम्ही सगळ्यात आधी जे केलंत तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पहिल्याच मीटिंगला माझ्या बॉसना आणि एचआरला सोबत बसवून तुम्ही स्पष्ट सांगितलंत की गोल काय ठरले आणि सेशन होतायत की नाही एवढंच कंपनीला कळेल, आमच्या दोघांत काय बोलणं झालं ते बाहेर जाणार नाही, फी कंपनी भरत असली तरी नाही. आणि ते लेखी घेतलंत. मधे एकदा एचआरने तुम्हाला सहज फोन करून विचारलं होतं, मॅडमचं कसं चाललंय, तर तुम्ही म्हणालात ते त्यांनाच विचारा. मला हे एचआरकडूनच कळलं, आणि तिथून पुढे मी खऱ्या अर्थाने मोकळं बोलायला लागले.

सुरुवातीचे काही शनिवार मात्र मला कोड्यातच पडल्यासारखं व्हायचं. तुम्ही स्वतः इतकी वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेली, रिजेक्शन कुठे होतंय, म्हणजे पार्ट कुठे खराब निघतायत, ते तुम्ही बसल्याजागी सांगितलं असतंत, पण मी प्रश्न घेऊन यायचे आणि तुम्ही मलाच प्रश्न विचारायचात. एकदा मी सरळ म्हणाले, सर तुम्हीच सांगा ना, तर तुम्ही म्हणालात की माझं उत्तर माझ्या प्लँटचं आणि माझ्या काळाचं आहे, उद्या त्यात अडचण आली की तुम्ही परत माझ्याकडे याल. मग तेच चार प्रश्न, काय हवंय, आत्ता खरी परिस्थिती काय आहे, काय काय करता येईल, आणि त्यातलं नक्की काय करणार नि कधी. याला ग्रो मॉडेल म्हणतात, १९८०च्या दशकात इंग्लंडमधे तयार झालं, हे तुम्हीच सांगितलंत, आणि ते ज्यांच्यामुळे जगभर पोचलं ते सर जॉन व्हिटमोर आधी मोटर रेसिंग करायचे, १९६१ मधे मिनी ही छोटी गाडी चालवून ब्रिटिश सलून कार (म्हणजे नेहमीच्या बंद गाड्यांच्या) रेसिंगचे चँपियन झाले होते, हे ऐकून मला इतकं भारी वाटलं, गाड्यांचे पार्ट बनवणारी माणसं ना आम्ही.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते नवीन लाइनचं प्रकरण. कस्टमरला तारीख देऊन झाली होती, फिक्श्चर (काम करताना पार्ट पक्का धरून ठेवणारं साधन) यायला उशीर होत होता, आणि ट्रायल बॅच नीट न काढता डिस्पॅच सुरू करायचं म्हणजे पुढे लाइन रिजेक्शन आणि कस्टमरची बोलणी हे दिसत होतं. हे एमडींना सांगायचं होतं. तुम्ही म्हणालात, मी एमडी, सांगा मला. मी सांगितलं, सप्लायरपासून सुरुवात करून अगदी सविस्तर, आणि तुम्ही एवढंच विचारलंत की यातला मुद्दा कितव्या वाक्याला आला. मग परत, मग परत, तुम्ही मधेच एमडींसारखे चिडायचात, टेबलावर पेन आपटायचात, आणि शेवटी तीनच गोष्टी उरल्या: कुठली तारीख जमेल, आधीची का जमणार नाही, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. "आणि ते चिडले की तुम्ही काय करणार?" मी म्हणाले गप्प बसणार. तुम्ही म्हणालात, बसून दाखवा. ती शांतता काय अवघड होती सर! प्रत्यक्षात एमडी चिडलेच, मी थांबले, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, मग कस्टमरला कुठली तारीख सांगू? मी बाहेर येऊन तुम्हाला फोन केला, तुमच्यामुळे झालं म्हणाले, तर तुम्ही लगेच थांबवलंत, बोललात तुम्ही, मी नाही. ते मला तेव्हा नम्रता वाटली होती, आता कळतंय तुम्ही अक्षरशः खरं बोलत होतात.

आणि तुम्ही आमच्या सकाळच्या मीटिंगला आलात तो दिवस. सेफ्टी शूज घालून, कोपऱ्यात स्टुलावर, छोटी वही घेऊन. तुम्ही आधी मला डॉक्टर अतुल गवांदे यांचं उदाहरण दिलं होतं, अमेरिकेतले नावाजलेले सर्जन, वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. कामात चांगलं स्थिरावल्यावर त्यांनी रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनना ऑपरेशन बघायला बोलावलं, आणि ऑपरेशन व्यवस्थित झालं तरी ऑस्टीननी दाखवून दिलं की तुमचं कोपर वर उचललं जातंय, दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता तरी तुमच्या लक्षात आलं नाही. २०११ मधे त्यांनी स्वतःच हे लिहिलं. एवढा मोठा सर्जन स्वतःचं काम दुसऱ्याला बघायला लावतो, म्हणून तुम्ही मीटिंगला यायला मी पण हो म्हणाले. तुमच्या वहीत कुठलाच शेरा नव्हता, फक्त कोण किती वेळा बोललं याच्या रेघा आणि खाली एक ओळ, "'काही अडचण?' विचारल्यावर पुढचा विषय सुरू होईपर्यंत वेळ: दोन सेकंद." बस. हे मला माझ्या बॉसनी कधी सांगितलं नसतं कारण ते त्या मीटिंगला नसतात, आणि माझ्या टीमने सांगितलं नसतं कारण त्यांचं अप्रेझल माझ्या हातात आहे.

आता मी विचारते आणि थांबते. मेंटेनन्सचे आमचे सगळ्यात जुने काका, मीटिंगमधे कधी तोंड न उघडणारे, एक दिवस म्हणाले मॅडम त्या दोन नंबर प्रेसचा आवाज बदललाय. वीकली ऑफला उघडली, बेअरिंग जायच्या बेतात होतं. प्रॉडक्शन चालू असताना गेलं असतं तर आमची पूर्ण शिफ्ट गेली असती.

अजून एका गोष्टीसाठी थँक्यू. आई गेल्यावर मला झोप लागत नव्हती आणि मी ते तुमच्याकडे बोलायला लागले, तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मग म्हणालात की हे कोचचं काम नाही, यासाठी काउन्सेलरला भेटा, मी त्याऐवजी काहीतरी बोलत बसलो तर ते तुमच्यावर अन्याय होईल. स्वतःची मर्यादा अशी सांगणारा माणूस मिळायला नशीब लागतं.

मला बरेच जण विचारतात की कोच निवडायचा कसा, आजकाल सगळेच कोच. मी तुम्ही शिकवलेलंच सांगते, की ट्रेनिंग कुठून घेतलं आणि प्रत्यक्ष किती तास कोचिंग केलंय ते बिनधास्त विचारा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही कोचना सर्टिफिकेट देणारी संस्था १९९५ पासून आहे, त्यांच्या पहिल्या पातळीच्या सर्टिफिकेटला कोचिंगचे १०० तास लागतात, त्याच्या वरच्याला ५००, सगळ्यात वरच्याला २,५००. आणि एक सेशन करून बघा, बोलताना आपण जास्त बोलतोय की कोच जास्त बोलतोय ते बघा.

आमच्या शिफ्ट इनचार्जना पण आता कोचिंग द्यायला मॅनेजमेंट तयार झालंय, मी मागे लागले होते. तुम्ही मागेच सांगितलंय की माझ्या टीमला तुम्ही घेणार नाही, कारण बॉसचाच कोच म्हटल्यावर ते मोकळं बोलणार नाहीत, ते मला पूर्ण पटलंय. तेव्हा तुमच्या ओळखीतली दोन-तीन चांगली नावं कळवा प्लीज, मराठीत सेशन घेणारी असतील तर फार बरं, मुलं इंग्लिशमधे अडखळतात आणि मनातलं राहून जातं. बजेट या महिन्यात फायनल होतंय, त्याआधी कळलं तर मी लगेच बोलून घेते.

मनापासून आभार सर.

तुमची,
चाकणची प्लँट हेड