रागावू नका, १ जूनला येतेय

लिव्हरपूल, १८ मे २०२२

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर आई नुसती 'हं' म्हणते आणि त्या 'हं'पुढं मला काही सुचत नाही. म्हणून लिहिते. ताईला फोटो पाठवतेय, ती वाचून दाखवेल. ताई, मधलं गाळू नकोस.

सरळच सांगते. शुक्रवारचं विमान मी पुढं ढकललंय. आता ३० तारखेला निघते, ३१ ला मुंबई, आणि १ जूनला सकाळी महालक्ष्मीनं कोल्हापुरात. म्हणजे मंगळवारी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल तेव्हा मी नसेन.

आधी सगळी चौकशी करूनच ठरवलंय हो. डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. अर्ध्या तासाच्या आतलं काम आहे, भूल फक्त डोळ्यापुरती, संध्याकाळी घरी. दाजींनी दोन दिवस रजा टाकलीय. ताई आठवडाभर राहणार आहे. आणि खरं म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी माणसं लागत नाहीत, लागतात ती नंतर, बाबांना घरात कोंडून ठेवायला. त्या वेळी मी पूर्ण तीन आठवडे आहे. आधीच्या तिकिटात दोनच होते. म्हणजे तुमचा फायदाच झाला.

बघा, किती कारणं दिली. आता खरं कारण.

शेजारचे म्हातारबा तुम्हाला माहीत आहेत, व्हिडिओ कॉलवर आईला रोज हात करतात ते. वय ८१. पोरवयापासून ॲनफिल्डला, म्हणजे इथल्या लिव्हरपूल क्लबच्या फुटबॉल मैदानावर, जातात. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पायऱ्या चढताना कुणीतरी दंड धरावा लागतो. मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याच्या नावाचा पास वर्षभर मी वापरतेय आणि दंड धरतेय. येत्या रविवारी, २२ तारखेला, लीगचा शेवटचा सामना आहे, वुल्व्ह्जशी.

आई, तुझ्यासाठी: लीग म्हणजे वर्षभराच्या चाचण्यांची बेरीज, कप म्हणजे एका पेपरात नापास झालात की घरी. आमचे दोन कप घरात आलेत. फेब्रुवारीत लीग कप, पेनल्टीवर ११-१०, शेवटी गोलकीपरांनासुद्धा पेनल्टी मारायला लागल्या. गेल्या शनिवारी एफए कप, तोही चेल्सीशीच, तोही शून्य-शून्य, तोही पेनल्टीवर. घराशेजारच्या पबमधून गुलाल तेवढा उडायचा राहिला. आता लीग उरलीय आणि २८ ला पॅरिसला चॅम्पियन्स लीगची फायनल, रेआल माद्रिदशी. चारही एका मोसमात इंग्लंडच्या कुठल्याच क्लबनं कधी घेतलेले नाहीत. ६३ सामने होतात सगळे मिळून. जानेवारीत आम्ही मँचेस्टर सिटीच्या चौदा गुण मागं होतो. काल साउदम्प्टनला नऊ खेळाडू बदलून उतरले, सुरुवातीलाच गोल खाल्ला, तरी २-१ जिंकले. आता सिटी ९०, आम्ही ८९.

दोन वर्षांपूर्वी लीग आलेली, तीस वर्षांनी, पण करोनात, रिकाम्या स्टेडियममध्ये. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या आजी गेल्या. जूनच्या त्या रात्री म्हातारबा दारात एकटेच उभे राहून भगोणं वाजवत होते, ते मी खिडकीतून बघितलंय. काल रात्री सामना संपल्यावर त्यांनी विचारलं, रविवारी आहेस ना? माझं तिकीट शुक्रवारचं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं. मला नाही म्हणता आलं नाही.

आणि तेव्हापासून एकच गोष्ट टोचतेय. दुसऱ्याच्या बापाचा दंड धरायला थांबले आणि आपल्या बापाचा डोळा तायडीवर सोडला. हे दुसरं कुणी बोलण्याआधी मीच बोलून घेते.

पॅरिसचं म्हणाल तर मी तिकडं जात नाही, तेवढी नालायक नाही. ती फायनल म्हाताऱ्याकडं टीव्हीवर. ते संपलं की लगेच बॅग.

बाबा, तुम्ही तरी समजून घ्याल असं वाटतं. आपल्या कोल्हापुरात शिवाजी-पाटाकडीलची फुटबॉल फायनल असली की तुम्ही काय काय केलंत ते मी लिहीत नाही. सांगलीच्या लग्नाचा विषय तर काढतच नाही, आई अजून विसरलेली नाही. पण मला हे वेड कुणी लावलं? शाहू स्टेडियमच्या त्या तापलेल्या पायऱ्यांवर तुम्ही आधी रुमालावर पाणी मारायचात, तो पसरायचात आणि मग मला बसवायचात. आजी म्हणायची, पोरीला कुठं नेतोस पुरुषांच्यात. तुम्ही म्हणायचात, ती माझ्या मांडीवर बसणार, पुरुषांच्यात नव्हं. भुईमुगाच्या शेंगा सोलून माझ्या मुठीत द्यायचात आणि नजर मात्र मैदानावर. कितीदा टरफलंच हातात आली, मी काही बोलले नाही.

आणि २००५ ची इस्तंबूलची रात्र, चॅम्पियन्स लीगची फायनल! मध्यंतराला लिव्हरपूलविरुद्ध मिलान ३-०. तुम्ही म्हणालात, झोप बारके, काय राम नाही ह्यात. मी रडत झोपले. मग तुम्ही मला गोधडीसकट उचलून टीव्हीपुढं आणलंत. आपल्या कॅप्टननं, जेरार्डनं, हेडर मारला होता आणि सहा मिनिटांत तीन गोल झाले होते. आई आतून ओरडत होती, पोरीला झोपू द्या की. मी लिव्हरपूलला नोकरी धरली ती काय हवामान बघून?

तोच जेरार्ड आता ॲस्टन व्हिलाचा कोच आहे, आणि रविवारी सिटीचा सामना व्हिलाशीच आहे. सिटी जिंकली की विषय संपला. तिला व्हिलानं अडवलं आणि आम्ही जिंकलो, तर लीग आमची. नशीब एवढं नीट जुळवून आणतं तेव्हा मला भीतीच वाटते. २०१९ ला ९७ गुण घेऊनही दुसरे आलो होतो.

माझी काळजी करू नका. खोलीत ऊब आहे, कांदा-लसूण चटणीची अर्धी बरणी शिल्लक आहे, ज्वारीचं पीठ मिळतं. भाकरी अजून फुगत नाही, पण खाते. म्हातारबांना परवा तांबडा रस्सा दिला, घाम पुसत दोनदा घेतला.

आता मुकाट ऐका. डोळ्यात थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच. ताई तक्ता करून फ्रिजवर लावेल, त्यात खाडाखोड चालणार नाही. काळा चष्मा घरातसुद्धा. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, खाली वाकून चप्पल शोधायची नाही, आई पायापुढं ठेवेल. स्कूटरची किल्ली दाजींकडं. मी येईपर्यंत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायचं नाही. तुम्ही साखर घालून पिता हे मला कळलंय, कुणी सांगितलं ते विचारू नका. पॅरिसची फायनल आपल्याकडं रात्री साडेबाराला आहे. जागायचं नाही, सकाळी मी सांगते.

आई, तू गुडघ्याचा पट्टा लावत जा, ठेवणीतलं पातळ नाही ते. माझ्यासाठी काही करत बसू नकोस. आणि बाबांना फोडणीजवळ येऊ देऊ नकोस. रागावली असशील तर फोनवर 'हं' म्हणण्यापेक्षा सरळ चार शिव्या दे. त्यानंतर मला जेवण जातं.

एक काम आहे, दोघांनी मिळून करायचं. रविवार ऑपरेशनच्या आधीचा आहे, म्हणून परवानगी. रात्री साडेआठला आमचा नव्हे, सिटी-व्हिलाचा सामना लावा. मी स्टेडियमात असेन, तिकडचं मला कळायला पाहिजे. बाबा, बॉल दिसत नाही म्हणता, पोरं कुणीकडं पळत्यात त्यावरून सांगता ना, तसं सांगा. कोपऱ्यातला आकडा आई वाचेल. व्हिलानं गोल केला की मला एक मिसकॉल. उचलणार नाही, फोन म्हाताऱ्याच्या हातात देईन.

सिटीनं केला तर देऊ नका.

तुमची
बारकी