बसऱ्याहून (इराक), आई-बाबांना

ती. आई-बाबांना सा.न.

आई, नथीतले मोती बसऱ्याचे म्हणून तू किती मिरवायचीस, पण इथे आल्यापासून मला एक मोती दिसेल तर शप्पथ, नुसतं तेल आणि धूळ. तब्येत बरी आहे, काळजी करू नका.

लिहायचं कारण वेगळंय. शुक्रवारी सुट्टी होती, कंपनीची गाडी आणि गार्ड मिळाले म्हणून नासिरियाच्या रस्त्याला ३०-३२ किमीवर पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे तिथे जाऊन आलो. बाबा, आजी सांगायची ना, तिचे चुलते "बसऱ्याला गेले ते गेलेच", ते डोक्यात होतं. पूर्वी हे बंदराजवळ होतं म्हणे, सद्दामने १९९७ मध्ये उचलून इकडे वाळवंटात आणून ठेवलं. इथल्या लढाईत मेलेल्या ४० हजारांच्या वर माणसांचं आहे ते. मराठा पलटणींचा भाग शोधला तर गोऱ्या साहेबांची नावं, आपल्या सुभेदार-जमादारांची नावं, आणि खाली साध्या शिपायांसाठी नुसता आकडा. बास. शोधणार काय, कपाळ?

रात्री झोप नाही आली म्हणून वाचत बसलो. १९१४ च्या जूनमध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली, त्यावरून अख्खा युरोप एकमेकांच्या उरावर बसला, तुर्क (तेव्हा इथे त्यांचंच राज्य) जर्मनीच्या बाजूने उतरले, आणि इंग्रजांना शेजारच्या इराणातल्या आबादानच्या तेलाची काळजी म्हणून नोव्हेंबरात पुण्याची ६ वी डिव्हिजन इथे उतरली. म्हणजे तेव्हाही तेलच, आणि मीही तेलासाठीच आलोय. बसरा पटकन मिळाल्यावर साहेबांना बगदादची हाव सुटली, बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मार खाल्ला आणि मागे येऊन कूत नावाच्या गावात अडकले. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आपल्या शिपायांनी बरेच दिवस त्याला हात लावला नाही, अंगात त्राण उरलं नाही तरी. सोडवायला आलेल्या फौजेचे वीस हजारांच्या वर लोक मेले किंवा जखमी झाले, तुर्कांना २० लाख पौंड देऊ करून पाहिले, तेही त्यांनी घेतले नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला १३ हजारांनी शरणागती पत्करली. जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला आणि शिपाई उन्हातून चालत अनातोलियाकडे, कित्येक वाटेत मेले, उरलेल्यांतले कित्येक रेल्वेच्या कामावर मेले. मला या माणसाचा इतका राग आलाय ना.

मग १९१७ ला बगदाद घेतलं, १९२० ला इथलेच लोक इंग्रजांवर उठले, ते दाबायलाही परत आपलीच माणसं.

आता काम. चुलत्यांचं नाव काय हो? आपण सगळे "बसऱ्याचे आजोबा"च म्हणत आलो. आजीच्या माहेरी चावडीवरच्या पाटीवर पण इतके गेले, इतके मेले एवढंच आहे. पण तिथल्या देवघरात ती काशाची वाटोळी जड तबकडी आहे बघा, बाई आणि सिंह असलेली, आजी तिला कसली तरी देवी समजून हळदकुंकू वाहायची. ती मेलेल्या शिपायाच्या घरी सरकारने पाठवलेली असते, आणि तिच्यावर नाव असतं, उठावाच्या इंग्रजी अक्षरात. बाबा, तुम्ही स्वतः जा, आणि आई, मामींना आत्ताच फोन कर, दिवाळीच्या साफसफाईत चिंच लावून घासायच्या आधी मला फोटो हवाय.

तुमचा,
बंड्या