एका ‘आहे’वरून फुटलेली वाट

महोदय,

‘प्रभुभोजनातली (ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाची आठवण करणाऱ्या चर्चमधल्या विधीतली) भाकर प्रोटेस्टंटांच्या लेखी निव्वळ प्रतीक असते’ हे रविवार पुरवणीतले सरसकट विधान खटकले. प्रोटेस्टंट चळवळीचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याला ते मुळीच मान्य झाले नसते.

ऑक्टोबर १५२९ मध्ये जर्मनीतल्या हेसचा अधिपती फिलिप याने ल्यूथर आणि झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली यांना मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवले. फिलिपला हवी होती कॅथलिक सम्राटाविरुद्ध प्रोटेस्टंटांची एकजूट. धर्मशास्त्र्यांना मात्र एका क्रियापदाचा निकाल लावायचा होता. ल्यूथरने अखेरच्या भोजनात भाकरीविषयी ख्रिस्ताने काढलेले शब्द टेबलावर खडूने लॅटिनमध्ये लिहूनच ठेवले, ‘हे माझे शरीर आहे’. आहे म्हणजे आहे! भाकर भाकरच राहते, पण ख्रिस्ताचे शरीर तिच्यासोबत खरोखर असते, असे त्याचे मत. भाकरीचे मूलतत्त्वच बदलते हा कॅथलिक सिद्धान्त त्यालाही अमान्य होता, हे आपल्याकडे हमखास विसरले जाते. झ्विंग्लीच्या मते इथे ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात असताना ते ठिकठिकाणच्या वेदींवर कसे असेल?

बैठकीअखेर लिहिलेल्या श्रद्धेच्या पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले. पंधराव्यातही बरेचसे जुळले, अडले ते नेमके या मुद्द्यावर. झ्विंग्लीने डोळ्यांत पाणी आणून बंधुत्वाचा हात पुढे केला. ल्यूथरने तो घेतला नाही.

पुढे जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनने तिसरीच वाट काढली: ख्रिस्ताचा सहभाग खरा, पण पवित्र आत्म्याद्वारे. तेव्हा ‘प्रोटेस्टंट मत’ असे एकवचन वापरणे चुकीचे आहे. तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे